ऑलिव्हच्या घाण्यावर सात दिवस

२०१९ च्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. लिहायची राहूनच गेली, आधी दिवाळी, मग कोविड, मग आणखी काय काय. आमचा बार्शीला लाकडी घाणा आहे, करडई आणि शेंगदाणा, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा, त्यामुळे कुठंही गेले तरी माझं लक्ष आधी तिथल्या तेलाकडे जातं, देऊळ-बिऊळ नंतर. पुण्याची मैत्रीण दोनदा वेस्ट बँकेत, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागात, जाऊन आलेली, ती म्हणाली तिकडे तोडणीच्या दिवसांत बाहेरचे लोक जातात, शेतकऱ्याच्या घरी राहायचं, दिवसभर ऑलिव्ह तोडायचे, संध्याकाळी जेवायचं आणि झोपायचं, बस. मी लगेच हो म्हटलं. नवरा म्हणाला, "अगं दिवाळी सतरा दिवसांवर आलीय, लोक तेलाला रांग लावतील आणि तू दुसऱ्याचं तेल काढायला निघालीस?" बरोबर होतं त्याचं. पण गेले.

दिवस पहिला

जेरुसलेमला दमास्कस गेटपाशी रामल्लाची बस मिळते. तिथून पुढं पिवळी व्हॅन, तिला सगळे "सर्वीस" म्हणतात, आपल्या वडापसारखीच, भरली की सुटते. रामल्लाच्या वाटेवर इस्रायलने बांधलेली भिंत दिसते, फोटोत बघून माहीत असते तरी एवढी उंच असेल असं वाटलं नव्हतं. रामल्लाच्या पुढं उत्तरेला निघालो आणि डोंगरच्या डोंगर दगडी ताली घातलेले. नुसते दगडावर दगड, ना सिमेंट ना माती, आणि प्रत्येक तालीवर ऑलिव्हची झाडं. आमच्याकडे पाणलोटाच्या योजनेत घातलेल्या ताली दोन पावसाळ्यांत फुटतात, हे मनात आलंच.

बीरझेत नावाच्या गावाचा फाटा लागला. झेत म्हणजे तेल, झेतून म्हणजे ऑलिव्ह, आणि बीरझेत म्हणजे तेलाची विहीर. गावाचं नावच तेलावरून! इथं आपलं जमणार असं वाटलं.

रस्त्यात लाल बोर्ड येतात, इस्रायली नागरिकांना पुढं बंदी असं लिहिलेले. ड्रायव्हरने मोडक्या इंग्रजीत समजावलं, १९९५ च्या इस्रायल-पॅलेस्टिनी ओस्लो करारात या भागाचे तीन तुकडे केले, ए, बी आणि सी. ए पॅलेस्टिनी प्रशासनाकडे, बी मध्ये कारभार त्यांचा पण सुरक्षेत इस्रायलही. सी म्हणजे सगळा ताबा इस्रायलचा, आणि वेस्ट बँकेची साठ टक्के जमीन त्या सी मध्ये. घर बी मध्ये आणि रान सी मध्ये असं खूप जणांचं असतं. मला पहिल्या दिवशी डोक्यात काही शिरलं नाही, तिसऱ्या दिवशी शिरलं.

आम्ही उतरलो ते गाव कल्किल्याजवळ. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना उगाच त्रास नको. घरात एक आजी, तिला सगळे "हज्जे" म्हणतात, दोन मुलगे, सुना, पोरं. थोरल्याला आम्ही "अम्मो" म्हणायचो म्हणजे काका, खरं तर माझ्यापेक्षा लहानच असेल. रात्री जेवायला "मुसख्खन". तव्याएवढ्या जाड रोट्या, त्यावर तेलात मऊ शिजवलेला ढीगभर कांदा, वर आंबटसर लाल सुमाक आणि चिकन. रोटी तेलाने थबथबलेली. मी मनात हिशोब करत होते की एका ताटात किती तेल गेलं असेल.

दिवस दुसरा

सहाला उठून रानात. वाटेत जो भेटेल तो "यातीक अल आफिये" म्हणतो, देव तुला ताकद देवो. काम करणाऱ्या माणसाला हेच म्हणायचं, नमस्कार वगैरे नाही. दुपारपर्यंत मीपण सगळ्यांना म्हणायला लागले.

झाडाखाली मोठाली कापडं अंथरतात. मग फांदी हातात धरून वरून खाली बोटं ओढत आणायची, फळं आपोआप सुटतात. गाईची धार काढल्यासारखी हालचाल आहे, जोर लावला की पानं येतात, नाही लावला की फळ येत नाही. पोरांकडे प्लास्टिकच्या छोट्या पंज्यासारख्या फण्या होत्या, त्या फांदीतून फिरवल्या की कापडावर टपटप टपटप पाऊस. मी उत्साहात एक काठी उचलली आणि वरच्या फांदीवर दोन दणके दिले तर हज्जे ओरडलीच. काय म्हणाली कळलं नाही पण तिने मला तुटलेला कोवळा शेंडा उचलून दाखवला. पुढच्या वर्षीचं फळ त्या शेंड्यावर येतं. नंतर दिवसभर मी काठीला हात लावला नाही.

त्यांच्याकडे एक वर्ष भरून येतं आणि एक वर्ष रिकामं जातं, अगदी आपल्या आंब्यासारखं. भरलेल्या वर्षाला "मासिये" म्हणतात, रिकाम्याला "शलतूने". आमचं नशीब, यंदा मासिये. पाणी कोणी देत नाही, सगळं पावसावर. आणि या कोरडवाहू शेतीला त्यांचा शब्द आहे "बअल", बअल म्हणजे तिथला फार जुना पावसाचा देव. आपण जिरायत म्हणतो, त्यात देव नाही, तलाठी आहे!

झाडं "नबाली" जातीची, मधूनच एखादं प्रचंड जुनं, बुंधा पिळून ठेवलेल्या धुण्यासारखा, आत पोकळ, पोकळीत आमच्या पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या. अशा झाडाला "रूमी" म्हणतात, रोमन लोकांच्या वेळचं. खरंच तेवढं जुनं असेल की नाही कोण जाणे, पण हज्जेच्या आजीच्या लहानपणीही ते असंच पोकळ होतं म्हणे.

फळं अर्धी हिरवी अर्धी जांभळी. मी विचारलं अजून थांबला असता तर सगळी काळी झाली असती आणि तेल जास्त पडलं असतं ना? अम्मो हसला. जास्त पडतं, पण ती चव राहत नाही, हिरव्यातच तिखटपणा असतो. आपोआप गळून पडलेली फळं हज्जे वेगळ्या पिशवीत वेचत होती, ती चांगल्यात मिसळायची नाहीत, तेलाला आंबटपणा येतो. आमच्या घाण्यावर भिजका शेंगदाणा एक पोतं आला तर सासरे अख्खी गाडी परत पाठवायचे, तेच हे.

दुपारी छाटलेल्या फांद्यांवरच चूल. टोमॅटो, मिरची, लसूण, तेल, त्याला "कल्लाये" म्हणतात, कढईतूनच सगळे रोटीने खातात. वर सेजची पानं घातलेला काळा चहा. त्यांची एक म्हण आहे, "अय्याम अझ्झेत, अस्बहत अम्सेत", तेलाचे दिवस, उजाडलं की मावळलं. खरंच मावळलं. रात्री माझ्या हाताच्या रेषा काळ्या, साबणाने निघेनात, आणि खांदे तर विचारूच नका.

दिवस तिसरा

आज फाटक.

घरची नऊ दुनम जमीन आहे. एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपले साधारण दहा गुंठे, म्हणजे सव्वादोन एकर धरा. त्यातली चार दुनम घराजवळ आणि पाच कुंपणाच्या पलीकडे. हे कुंपण २००२ पासून बांधायला घेतलं, शहरांजवळ काँक्रीटची भिंत आणि रानात तारा, सेन्सर, मधून लष्कराचा रस्ता. इस्रायल म्हणतं हे हल्ले थांबवायला. पण ते हद्दीवर नाही, संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे त्याचा पंच्याऐंशी टक्के मार्ग वेस्ट बँकेच्या आतून जातो, त्यामुळे माणूस अलीकडे आणि रान पलीकडे अशी वाटणी झाली. २००४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे बेकायदा आहे असं मत दिलं. फाटक आहे तिथंच आहे.

स्वतःच्या रानात जायला परवाना लागतो. घरात दोघांनाच मिळाला, हज्जेला आणि धाकट्याला. थोरल्याला नाही, कारण काय ते कागदावर नाही. आणि वाटण्या होत होत हिस्सा ३३० चौरस मीटरच्या खाली गेला तर इतक्या जमिनीला शेतीची गरजच नाही असं तेव्हा धरायचे. सव्वातीन गुंठे! आमच्याकडे चार भावांत सातबारा फुटून एवढाल्या पट्ट्या झालेल्या मी रोज बघते, तीन गुंठ्यांवर लोक बोअर मारतात, आणि इथं सत्तरीची बाई परवाना हातात धरून उभी.

आम्हाला त्या फाटकातून पलीकडे जाता येणार नव्हतं, म्हणून फक्त सोडायला गेलो. पिवळं लोखंडी फाटक, अलीकडे दहा-बारा माणसं, दोन ट्रॅक्टर, एक गाढव. कोणी बोलत नव्हतं फारसं. जीप आली, पोरगेलेसे सैनिक उतरले, कुलूप काढलं, एकेकाचं कार्ड बघून आत. गाढवाच्या पाठीवरची शिडी तारेत अडकली तर एका सैनिकानेच ती सोडवली. पंधरा-वीस मिनिटांत सगळे पलीकडे आणि फाटक बंद, आता दुपारी उघडेल. मधे कोणाला साप चावला, उलट्या झाल्या, तरी तिकडेच.

त्या पाच दुनमांना वर्षभर जाताच येत नाही म्हणा ना. तेव्हा फाटक तोडणीच्या दिवसांत रोज उघडायचं, एरवी मोजून. म्हणजे नांगरट वेळेवर नाही, छाटणी नाही, गवत वाढलेलं. आणि जायचं बंद केलं तर जमीनच जायची भीती, कारण १८५८ चा तुर्कांच्या वेळचा कायदा, पडीक राहिली की सरकारजमा, तो अजून वापरतात. म्हणून शलतूने वर्षातही, चार फळं असली तरी हज्जे जातेच. आणि इकडे काही इस्रायली वस्त्यांतून लोकांनी येऊन झाडं कापली, जाळली, असं दर हंगामात कुठं ना कुठं होतं. शेजाऱ्याची अशीच गेली होती, त्याने बुंध्याचा फोटो मोबाईलमध्ये दाखवला, घरातल्या माणसाचा दाखवावा तसा.

चारला फाटक परत उघडलं. दोन माणसांनी दिवसभरात किती तोडणार, चार पोती. आम्ही आठ जणांनी कालच्या एका दिवसात सतरा भरली होती.

दिवस चौथा

दिवसभर पुन्हा घराजवळची झाडं. पण मला सांगायचंय ते रात्रीचं. रात्री नऊला "मासरा" म्हणजे घाणा! ट्रॉलीत पोती आणि पोत्यांवर आम्ही.

काय ती गर्दी. तोडणीच्या दिवसांत घाणा रात्रभर चालतो, बाहेर ट्रॅक्टरची रांग, आत मशीनचा आवाज, चहाचे ग्लास, आणि वास, ताज्या कापलेल्या गवतात कच्ची कैरी ठेचल्यासारखा. आधी पंखा पानं उडवतो, मग धुणं, मग बीसकट ठेचणं. हो बी काढत नाहीत, बीसकटच. तो लगदा अर्धा-पाऊण तास मोठ्या टाकीत हळूहळू फिरत राहतो, म्हणजे तेलाचे बारके थेंब एकमेकांना भेटतात. इथं गरम पाण्याचा मोह आवरायचा, सत्तावीस डिग्रीच्या वर गेलं की तेल जास्त सुटतं पण चव जाते. मी घाणेवाल्याला खुणेने विचारलं किती डिग्री, त्याने माझ्याकडे बघितलं, अम्मोने काहीतरी सांगितलं, मग तो बाबा काम सोडून मला काटा दाखवायला आला. घाणेवाला घाणेवाल्याला ओळखतो, भाषा काय करायचीय.

मग जोरात फिरणारं मशीन तेल, पाणी आणि चोथा वेगळा करतं आणि एका तोटीतून ती धार येते. हिरवी! म्हणजे अगदी गडद हिरवी, गढूळ, जाड. अम्मोच्या बायकोने घरून रोट्या आणलेल्याच होत्या, तिथंच धारेखाली धरून खाल्ल्या. आधी गोडसर, मग कडसर, आणि गिळल्यावर घशात मिरची. मला ठसका लागला तर सगळे खूश, ठसका लागला म्हणजे तेल चांगलं.

चोथ्याला "जिफ्त" म्हणतात, आपली पेंड. फरक इतकाच की आपली गुरं खातात आणि त्यांची चुलीत जाते, रोटीच्या भट्टीला. घाणेवाला मजुरी तेलातच घेतो, काही टक्के. साधारण पाच किलो फळाला एक किलो तेल पडलं. सोळा किलोचे पिवळे डबे भरले, त्याला "तनके" म्हणतात. भाव त्या वेळी किलोला पंचवीस-तीस शेकेल, आपले पाच-सहाशे रुपये.

आता मुद्दा. आदल्या दिवशीची, फाटकापलीकडची चार पोती आम्ही नेलीच नव्हती. का, तर घाण्यावर थोडा माल वेगळा काढून देत नाहीत, एक घाण भरेल एवढा पाहिजे. दोन माणसं, रोजची चार पोती, म्हणजे चार-पाच दिवस साठवायची. आणि ऑलिव्ह पोत्यात राहिला की आतून तापतो, कुजायला लागतो, दिवसागणिक आंबटपणा चढतो. उत्तम तेलाला ०.८ टक्क्याच्या खाली लागतो. मी पोत्यात हात घालून बघितला, कोमट होतं. तीच झाडं, तीच जात, तीच हज्जे. पलीकडे आठ जण जाऊ शकले असते तर तीही पोती आजच घाण्यावर आली असती. मी तेलाच्या धंद्यात आयुष्य काढलंय, मला तो कोमटपणा हाताला जेवढा कळला तेवढी ती भिंत डोळ्याला कळली नव्हती.

"मग त्या तेलाचं काय करता?" "घरात खातो. फारच आंबट निघालं तर साबण."

दिवस पाचवा

सकाळी हंगामाचा पहिला पाऊस. सगळे खूश, झाडांवरची धूळ धुऊन निघते. तोडणी बंद म्हणून आम्ही नाबलुसला गेलो, साबण बघायला!

ऑलिव्ह तेल, पाणी आणि क्षार, बस एवढंच त्या साबणात, वास पण नाही. मोठ्या कढईत कित्येक दिवस रटरटवतात, मग वरच्या मजल्यावर अख्ख्या फरशीवर ओततात, खोली भरून साबण. थंड झाला की रेघा मारून कापतात, प्रत्येक वडीवर दोन्ही हातांनी ठक ठक शिक्के, तो माणूस इतका वेगात मारत होता की मला शिक्का दिसलाच नाही. मग वड्यांचे डोक्याच्या वर जाणारे पोकळ मनोरे रचतात, आत हवा खेळायला, आणि महिनोन्महिने वाळवतात. पुढं २०२४ मध्ये युनेस्कोने या साबणकलेची नोंद घेतली. गंमत म्हणजे स्थानिक तेल इतकं महाग झालंय की कारखाने बऱ्याचदा बाहेरच्या देशातून स्वस्त ऑलिव्ह तेल मागवतात.

कुनाफे खाल्लं. खाली गरम चीज, वर केशरी शेवया, पाक. दोन प्लेट. बाकी लिहीत नाही.

दिवस सहावा

निघताना हज्जेने पाण्याच्या दीड लिटरच्या दोन बाटल्या भरून दिल्या, झाकणाला टेप गुंडाळून. मी पैसे काढले तर तिने माझी पर्सच बंद केली.

बेथलेहेमकडे. गावाकडच्या लोकांना जेरुसलेममधून जाता येत नाही म्हणून सर्वीस डोंगराला वळसा घालून वादी नार नावाच्या दरीतून जाते, पोटात ढवळतं. बत्तीर बघितलं. २०१४ पासून जागतिक वारसा, झऱ्याचं पाणी पाटातून तालींवर फिरवलेलं, आणि पाळी आठ घराण्यांची, म्हणून तिथला आठवडा आठ दिवसांचा! आपल्या धुळ्याकडच्या फडपद्धतीतल्या पाटकऱ्याला हे एका मिनिटात समजेल. जवळच वलजा गावात एक झाड आहे, चार-पाच हजार वर्षांचं सांगतात. उशीर झाला, लांबूनच बघितलं.

दिवस सातवा

रात्रीचं विमान. दिवस लोदला, मैत्रिणीच्या ओळखीच्या एका मावशींकडे. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मूळच्या पेणच्या, साठच्या दशकात इकडे आल्या. मराठी अशी की मला माझी आजी आठवली. "ये गो, बस. चहा टाकते." सुक्कोथचा सण चालू होता, गॅलरीत झावळ्यांचा मांडव, त्यात बसून कांदेपोहे.

कोकणात या लोकांना शनिवार तेली म्हणायचे. घाणा चालवायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून. मी म्हटलं मावशी, म्हणजे आपण एकाच धंद्यातल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या पणज्याचा होता ना, बैलाचा. तिळाचा आणि खोबऱ्याचा." मी बॅगेतली बाटली काढली. त्यांनी तळहातावर चार थेंब घेतले, चाटले, आणि ठसकल्या. "ताजं आहे गो. कुठून घेतलंस?"

सांगितलं.

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. "माझा नातू होता त्या बाजूला, सैन्यात असताना. कुठं ते सांगत नाही, काय करायचा ते पण सांगत नाही." मग म्हणाल्या, "हाताने तोडतात अजून?" मी धार काढल्यासारखी बोटं ओढून दाखवली. त्यांनी एक रिकामी बरणी आणली, मी अर्धी बाटली ओतून दिली, झाकण लावून त्यांनी ती ओट्यावर नाही, वरच्या फडताळात ठेवली.

नंतरचं

अम्मोचा व्हॉट्सॅपवर अधूनमधून आवाज येतो, मोडकं इंग्रजी, मागं कोंबडे. पलीकडच्या पोत्यांचं तेल त्या वर्षी खाण्यापुरतं बरं निघालं होतं.

२०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध सुरू झालं तेव्हा मीच विचारलं. फाटक उघडलंच नाही. त्या हंगामात वेस्ट बँकेत शहाण्णव हजार दुनमांच्या वर ऑलिव्हची बाग तोडायची राहिली असा संयुक्त राष्ट्रांचा आकडा मी नंतर वाचला, चोवीस हजार एकर. त्यातली पाच दुनम यांची. फळ झाडावरच वाळलं, मग गळलं. हज्जे परवाना घेऊन रोज सकाळी जायची म्हणे, जीप यायची नाही, परत यायची.

शेवटी त्याने विचारलं, तुमच्याकडे पाऊस कसा झाला, तुझं ते पिवळं फूल पेरलं का. करडई म्हणायची होती त्याला. मी सांगितलं, पाऊस कमीच झाला, अर्ध्या रानातच पेरलीय.